मऊ झालं की माझं

हौसाक्का भेटली की आधी तुमच्या तोंडाकडं बघत नाही, कापडाकडं बघते. नुसती बघत नाही. शर्टाचं टोक चिमटीत धरते, अंगठ्यानं दोनदा चोळते आणि मग विचारते, "कसं काय दत्तू, बरं हाय न्हवं?" हे मला विचारलं की शर्टाला, ते इतक्या वर्षांत मला कळलेलं नाही. उत्तर काहीही द्या, पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "मऊ झालं की माझं."

कसबा बावड्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी कागलच्या एमआयडीसीतून रिटायर झालेला माणूस, साठी ओलांडलेला. मला दत्तू म्हणणारी आता ही एकटीच उरली आहे. ती पंचाहत्तरीची असेल. तिचे मालक साखर कारखान्यात होते, ते गेले. मुलगा संजू बेंगलोरला. घरात ती, आणि गाठोडी.

तिच्या ह्या चिमटीनं मला एकदा चांगलाच घाम फोडला होता. आमच्या दीपाला बघायला पाव्हणे आलेले. मुलगा उंबऱ्यात चप्पल काढतोय, तोवर हौसाक्का पुढं. धरला त्याचा शर्ट. "पावणं, सुती हाय. मऊ झालं की आमचं." मुलगा पांढराफटक. त्याच्या आईनं पदर सावरून घेतला, न जाणो त्याचाही नंबर लागायचा. मी म्हटलं, मोडलं स्थळ. रात्रभर छतावरच्या पंख्याची पाती मोजत पडलो. पण जावई निघाले भले. लग्नाला दोन वर्षं झाल्यावर तो शर्ट कागदात गुंडाळून घेऊन आले आणि म्हणाले, "आक्का, झाला मऊ."

काळजी करणं हा माझा स्वभावच आहे. आमची मंगल म्हणते, "ह्यांना काळजी करायला काही नसलं, तर त्याची काळजी लागते." खोटं नाही. पण हौसाक्काच्या शेजारी राहून कोण निर्धास्त राहील ते दाखवा मला.

ती वाकळा शिवते. बाकीच्या महाराष्ट्रात गोधडी म्हणतात ती. गावात वाकळ शिवणाऱ्या बाया पुष्कळ होत्या, पण हिचा कायदा कडक. वाकळंला नवं कापड लावायचं नाही. दुकानातून मीटरवर आणलेलं तर उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. "नव्या कापडाला ऊब नसती. त्येला अजून माणूस ठावं न्हाय," म्हणते. मग साठवण आली. माळ्यावर गाठोडी, कॉटखाली गाठोडी, पिठाच्या डब्यामागं गाठोडी. खुर्चीवर बसायला जावं तर, "थांब की, तितं मास्तरांची धोतरं हायत." गल्लीतले ते शाळामास्तर जाऊन जमाना झाला, पण तिच्या खुर्चीवर त्यांचा मान अजून आहे.

आणि एवढं असून कापायची वेळ आली की हात आखडता. एका तुकड्यासाठी महिना महिना विचार. पोरगी सासरी धाडताना माणूस करणार नाही इतका.

अलीकडं तिला वेगळाच घोर लागला होता. सुती कापड मिळेना. बायका सिंथेटिक साड्यांत गेल्या, पोरं टी-शर्टात. "सगळी गल्ली प्लास्टिकची झालीया," म्हणून ती कपाळ बडवायची. पण बाई हिकमती. दर दिवाळीला ती गल्लीतल्या निवडक लोकांना सुती शर्ट, सुती साडी आणून द्यायला लागली. मला निळ्या चौकटीचा शर्ट मिळाला. माझं मन भरून आलं. मंगल म्हणाली, "भोळे आहात. ती पेरणी करतीया."

मी सरळ आक्कालाच विचारलं. ती लाजली नाही की काही नाही. "व्हय. नवं घ्यायचं की! कोण नगं म्हंतंय? पर आदी माणसाला घालायचं, मग वाकळंला."

म्हणजे मी इतके दिवस तिचा शर्ट वापरत नव्हतो, पिकवत होतो. मला थोडा रागच आला. पण शर्ट चांगला होता. कॉलर उलटेपर्यंत घातला.

तिचा जगात एकच शत्रू, बोहारीण. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ती बाई डोक्यावर पाटी घेऊन गल्लीत आली की हौसाक्का चुलीवरचं टाकून तिच्या मागं. बोहारीण ज्या दारात थांबेल, त्या दारात आक्का उभी. "दे की गं बाई, दे. स्टीलच्या डब्याला पांघरून झोप." अर्ध्या बायका ह्या भीतीनंच सौदा मोडायच्या.

आता मूळ गोष्टीवर येतो, कारण तिथं माझी झोप उडाली.

गेल्या वर्षी आमच्या दीपाला दिवस गेले होते, पण टिकलं नाही. पोरगी त्यानंतर गप्पच झाली. ह्या खेपेला सातव्या महिन्यात माहेरी आली. डॉक्टर सगळं ठीक आहे म्हणायचे, पण ती झोपायची नाही. झबलं आणू दिलं नाही, टोपडं आणू दिलं नाही. दुकानापुढून जाताना मान फिरवायची. काही आणलं की पुन्हा तसंच होईल, असं मनानं घेतलेलं. फक्त एकच गोष्ट तिनं मागितली. हौसाक्काच्या हातचं दुपटं. लहानपणी ती त्यातच वाढली होती. म्हणाली, "बाबा, ते उशाशी असलं की मला झोप लागेल. त्याशिवाय मी दवाखान्यात जाणार नाही."

आमच्याकडं बाळाला पहिलं अंगावर घालतात ते जुनंच कापड. तेव्हा आक्काशिवाय हे काम दुसऱ्याचं नव्हतंच. ती लगेच बसली. कडेला दीपाचा लहानपणचा फ्रॉक लावला, त्याच्या आत मंगलची पहिल्या संक्रांतीची सुती साडी, जावयांचा तो शर्ट. मधली जागा मोकळी ठेवली. आणि भिंतीवरून हाक मारली, "दत्तू, तुजा निळ्या चौकटीचा आण. मधी आज्याचं कापड पायजे. लेकराची पाठ त्येच्यावर टेकती."

मी कपाट उघडलं. शर्ट नाही. ट्रंक उघडली. नाही. बाकीचं सगळं टेरिकॉटचं, आधीचं सुती आक्काच्या वाकळांत कधीच गेलेलं. स्वयंपाकघरात गेलो. मंगल आमटी ढवळत होती, मागं वळली नाही. फळीवर एक नवा स्टीलचा डबा होता. मी डब्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"काय बघताय?" ती म्हणाली. "झाकण घट्ट बसतंय त्याचं."

मी झाकण ओढून बघितलं. आक्का देवळात गेलेली बघून आमच्या मंडळींनी डाव साधला होता.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. सकाळी आक्का दारात. "शर्ट?" मी म्हणायचो, परटाकडं आहे. "वाकळंला द्यायचा शर्ट परटाकडं?" दुसऱ्या दिवशी म्हटलं, गावाकडं राहिला. तिसऱ्या दिवशी तिला येताना बघून मी संडासात जाऊन बसलो. इकडं दीपा रोज विचारणार, "झालं का हो दुपटं?" तिच्या डोळ्यांखाली काळं आलेलं. डॉक्टरांनी दिलेली तारीख जवळ येत चाललेली. आणि पोरीला खरं सांगायची आमची छाती नाही. मध्येच रिकामं राहिलंय म्हटलं, तर ती त्याचा काय अर्थ लावेल?

शेवटी मी महाद्वार रोडला गेलो आणि तसल्याच निळ्या चौकटीचा नवा शर्ट आणला. मग आम्ही नवरा-बायकोनं त्या शर्टाचे जे हाल केले ते वैऱ्याच्या शर्टाचे होऊ नयेत. मिठाच्या पाण्यात उकळला, दगडावर आपटला, उन्हात वाळवला, पुन्हा आपटला. मंगलनं धोपटण्यानं असा काही धोपटला की मला माझीच काळजी वाटली. मी तो घालून झोपलो. बनियन निळी झाली. पाठ निळी झाली. कॉलर मात्र ताठ ती ताठच.

धीर करून नेऊन दिला. आक्कानं टोक चिमटीत धरलं. एकदा चोळलं, दोनदा चोळलं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. आमच्याकडं माणूस ओरडतंय तोवर भ्यायचं काही नसतं. ती हळू आवाजात बोलली.

"ह्यो धुतलेला हाय, दत्तू. घातलेला न्हाय."

मी मान खाली घातली.

"डबा बगितला मी तुमच्या फळीवर. पयल्याच दिवशी. म्हटलं, बगू किती दिस खोटं बोलतोस." असं म्हणून ती शर्ट माझ्या हातात देऊन आत गेली.

मागं वळलो तर आमच्या दारात दीपा उभी. सगळं ऐकलेलं. आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आधी तो डबा पोटात घ्यावा, मग मला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कळा सुरू झाल्या. तारखेच्या आधीच. मी रिक्षा आणली. दीपा चौकटीला धरून उभी, पाय उचलेना. मंगल तिची समजूत काढतेय, मी रिक्षावाल्यावर विनाकारण ओरडतोय. तेवढ्यात हौसाक्का आली. केस विस्कटलेले, डोळे तांबडे. तिनं दुपटं दीपाच्या हातात ठेवलं. पुरं झालेलं. मधोमध पांढऱ्यावर बारीक हिरव्या रेघांचं कापड. मी ते कधी बघितलेलं नव्हतं. दीपानं ते गालाला लावलं, डोळे मिटले आणि गुमान रिक्षात बसली.

दुपारी मुलगी झाली. दोघीही सुखरूप. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो, ते सांगायला मला लाज वाटत नाही.

संध्याकाळी पेढे घेऊन आक्काकडं गेलो. कपाट सताड उघडं. कॉटवर शर्टांची चळत, सगळे प्लास्टिकच्या पिशवीत, कॉलरला पुठ्ठा, टाचण्या तशाच. ती त्यांच्याजवळ बसलेली. पेढा तोंडात टाकला, नाक कुणासारखं आहे ते विचारलं. मग मी विचारलं, "आक्का, मधलं कापड कुणाचं गं?"

"संजूचं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, गल्लीतल्या घराघराचं गाठोडं त्या घरात होतं, संजूचं नव्हतं. त्यालाही ती दर दिवाळीला शर्ट घ्यायची. तो हसून घ्यायचा, कपाटात ठेवायचा आणि जाताना तिथंच विसरायचा. पोरगा वाईट नाही. रविवारी फोन करतो. "तितं एसीत बसायचं असतंय, कंपनीचंच घालावं लागतंय," असं आक्काच मला सांगायची.

"कालिजात असताना घातलेला तेवडा एक ऱ्हायला हुता," ती म्हणाली. "माज्या वाकळंला मधी लावायचा म्हून ठेवला हुता. म्हातारपणी ल्योकाचं कापड पाठीखाली असलं म्हंजे बरं वाटतंय."

"अगं मग कापलास कशाला? चूक आमची. डबा आमच्या घरात."

"पोरीला झोप लागत न्हवती न्हवं?"

मी पेढ्यांच्या पुड्याचा दोरा बांधला, सोडला आणि म्हटलं, "संजूला सांग की, एखादा जुना पाठव म्हणून."

"मागितला तर नवा पाठवील," ती म्हणाली, आणि हसली. मग सगळी चळत उचलून माझ्या मांडीवर ठेवली. "ह्ये तू घाल. संजूच्याच मापाचा हाईस. पोट तेवडं सोडलं तर." टाचणी काढली, वरच्या शर्टाचं टोक चिमटीत धरलं, चोळलं. "मऊ झालं की माझं."

तेव्हापासून मी संजूचे शर्ट घालतो आहे. पोटावरचं बटण श्वास धरून लावावं लागतं. बोहारणीची हाक आली की मी आधी दोरीवरचे शर्ट गोळा करून आत घेतो, मग मंगलवर नजर ठेवतो. नात कडेवर घेतली की ती लाळेनं खांदा भिजवते. भिजवू दे, तेवढाच लवकर मुरेल.

पण सुती कापड चिवट. त्याला माणूस लागायला वर्षं जातात. आणि परवा आक्काला सुईत दोरा ओवता आला नाही, मला ओवायला लावला. त्या आधी नळाजवळ पडली होती. मी आता सकाळी एक घालतो, दुपारी दुसरा, झोपताना तिसरा. येता-जाता भिंतीला पाठ घासतो. मंगल म्हणते, म्हशीसारखं काय चाललंय?

रोज दारात आक्का चिमटीत धरून बघते. "अजून न्हाय," म्हणते. "सावकाश घाल की दत्तू. मला काय घाई न्हाय."

तिला नसेल. मला आहे.