वाढत्या शहरांचे दोन जावई

दाराची बेल वाजली तेव्हा लिफ्टवाले स्वयंपाकघरात फतकल मारून बसले होते आणि कपबशा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होते. उठून त्यांनी दाराच्या भोकाला डोळा लावला आणि ते दचकून मागं सरले. बाहेर त्यांचे साडू उभे होते. एकटे, हातात एक पिशवी, आणि चेहऱ्यावर ते नेहमीचं घाम पुसत हसणं.

"अगं," लिफ्टवाले आत पळत येऊन कुजबुजले, "तो आलाय!"

"कोण तो?" खोक्याला दोरी आवळत बायको म्हणाली.

"तुझ्या बहिणीचा नवरा!"

"मग उघडा की दार."

"दार काय उघडा! ही सतरा खोकी कुठं घालू, पोटात?"

आता हा काय घोळ आहे ते सांगायला हवं. सासऱ्यांना दोन मुली. थोरलीचा नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर, धाकटीचा नवरा लोकांना मोटार शिकवायचा. त्यामुळे एक जावई लिफ्टवाले, दुसरे गाडीवाले. लिफ्टवाले इकडच्या शहरात, गाडीवाले तिकडच्या. या दोन शहरांत कोण मोठं हा वाद जुनाच, पण तो मिटवायची जबाबदारी या दोघांवर कुणी टाकली होती देव जाणे. दर रविवारी फोन व्हायचा. "आमची वस्ती यंदा चार टक्क्यांनी वाढली," असं हे म्हणाले की तिकडून "फक्त चार?" असं यायचं. मग कारखाने, मग पगार, मग जागांचे भाव. फोन बहिणींच्या हातात येईपर्यंत कुणाचा तरी कान तापलेला असायचा, नाहीतर फोनची बॅटरी संपलेली असायची.

आणि आता लिफ्टवाल्यांच्या कंपनीनं इकडची शाखा बंद करायचं ठरवलं होतं. टॉवर सगळे तिकडे उठत होते. साहेबांनी भिंतीवर आलेख दाखवला, त्यात तिकडची रेघ वर वर गेलेली आणि इकडची दमून बसलेली. साडूनं फोनवर फेकलेला एकूण एक आकडा खरा निघाला होता! सोमवारी तिकडे हजर व्हायचं होतं. नोकरी टिकली याचा आनंद लिफ्टवाल्यांना क्षणभरही झाला नाही. हे साडूला कोणत्या तोंडानं सांगायचं, या विचारानंच त्यांना रात्र रात्र डोळा लागत नव्हता. त्यांनी बायकोला शपथ घातली होती, बहिणीला एक अक्षर कळता कामा नये. तिनंही ती पाळली, कारण तिला बहिणीच्या दारात अचानक जाऊन उभं राहायचं होतं. लग्न झाल्यापासून दोघींना एका गावात राहायला मिळालं नव्हतं. "तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर जागा बघा, मला बाकी काही नको," एवढं एकच तिनं मागितलं होतं.

बेल पुन्हा वाजली. खोकी ढकलत ढकलत झोपायच्या खोलीत कोंबली गेली.

"मी खोटं बोलणार नाही हं," बायकोनं बजावलं.

"बोलू नकोस. नुसती गप्प बस."

दार उघडलं. "या या, साडूभाऊ! न कळवता?"

"सहज. इकडं एक काम होतं, म्हटलं डोकावून जावं," गाडीवाले म्हणाले आणि आत येऊन बसायला गेले. तिथं सोफा नव्हता. सोफा काल विकला होता. ते मधल्या मध्ये सावरले आणि त्यांनी खोलीभर नजर फिरवली. भिंतींवर जिथं तसबिरी होत्या तिथं आता फिकट चौकोन होते.

"हे काय?"

"रंग," लिफ्टवाल्यांच्या तोंडून निघालं. "घराला रंग देतोय. म्हणजे द्यायचाय."

"अरे वा! कुठला?"

"पिवळा."

"ताई, पिवळा का हो?"

"मला काही विचारू नका, भाऊजी," बायको म्हणाली आणि चहा करायला आत गेली.

"आमच्याकडेही रंगच चाललाय," गाडीवाले घाईघाईनं म्हणाले. "सगळं घर बांधून ठेवलंय." घ्या! रंगातही बरोबरी! लिफ्टवाल्यांना तशाही परिस्थितीत राग आला.

चहा आला तो एक वाटीत आणि एक थर्मासच्या झाकणात. कपबशा खोक्यात होत्या. गाडीवाल्यांनी वाटीकडे पाहिलं, मग साडूंकडे.

"डॉक्टरांनी सांगितलंय," लिफ्टवाले म्हणाले. "गरम पिऊ नका. वाटीत लवकर निवतो."

झोपायच्या खोलीत काहीतरी धाडकन पडलं. लिफ्टवाल्यांनी पटकन तिकडचं दार ओढून घेतलं. "मांजर," ते म्हणाले. त्यांच्या घरात कधीच मांजर नव्हतं, आणि हे गाडीवाल्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण मांजर म्हटलं की त्यांना शिंका यायच्या. पण आज त्यांचं लक्षच नव्हतं.

"साडूभाऊ, तुमचे रस्ते दाखवा की मला," ते म्हणाले. "छान रुंद असतील ना? रिकामे?"

"रिकामे? कोण म्हणालं रिकामे?"

"नाही, मला आपलं वाटलं…" गाडीवाल्यांचा आवाज खोल गेला.

लिफ्टवाल्यांचा अभिमान दुखावला, आणि त्याच वेळी डोक्यात लख्ख उजेड पडला. साडूला घराबाहेर काढायचं, आणि जाता जाता शहर म्हणजे काय ते एकदाचं दाखवून द्यायचं. "चला," ते म्हणाले, "दाखवतोच तुम्हाला."

जिन्यात शेजारचे निवृत्त हेडमास्तर भेटले. त्यांनी लिफ्टवाल्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "निघालात का अखेर? फार चुकल्यासारखं होईल हो आम्हाला."

"अर्ध्या तासात येतो परत!" लिफ्टवाले जवळजवळ ओरडलेच.

खाली उतरल्यावर गाडीवाले म्हणाले, "अर्ध्या तासासाठी चुकल्यासारखं होतं त्यांना?"

"फार जीव आहे त्यांचा माझ्यावर."

बाजारचौकात संध्याकाळी शहाणा माणूस गाडी घालत नाही. कारखाने आणि ऑफिसं एकदमच सुटतात. लिफ्टवाले रोज तीन गल्ल्यांचा वळसा घालून घरी यायचे. आज त्यांनी मुद्दाम चौकात गाडी घातली. बघता बघता पुढं बस, मागं टेम्पो, आणि दोन्ही बाजूंना मोटारसायकली येऊन ठेपल्या. हॉर्नचा गदारोळ उठला. एका टेम्पोचा आरसा तर खिडकीतून आत आल्यासारखा दिसत होता.

"अपघात झालाय का पुढं?" गाडीवाल्यांनी घाबरून विचारलं.

"छे हो! ही वाढ आहे, वाढ. वस्ती!"

"रोज असंच?"

"आज तर मोकळं आहे."

गाडीवाल्यांचा पाय सारखा खाली दाबला जात होता. शिकवणीच्या गाडीत त्यांच्याही बाजूला ब्रेक असे, ती सवय. "मग इथं नवीन शिकणारा माणूस तिसरा गिअर टाकतो तरी कुठं?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"तिसरा? इथं दुसरा पडला तर लोक घरी फोन करून सांगतात!"

गाडीवाल्यांच्या चेहऱ्याचा रंग पार उडाला. लिफ्टवाल्यांना असा आनंद झाला की काही विचारू नका. इतक्या वर्षांत साडू पहिल्यांदा निरुत्तर झाले होते! त्यांनी आणखी चार आकडे ठोकून दिले. नवे कारखाने, नवी ऑफिसं, दर माणशी उत्पन्न. प्रत्येक आकड्यासरशी साडू सीटवर खाली खाली घसरत गेले. मग त्यांनी छातीवर हात ठेवला.

आता मात्र लिफ्टवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "काय होतंय? पाणी देऊ?" माणसाला इथं काही झालं तर? ॲम्ब्युलन्स कुठून येणार? धाकटीला काय सांगायचं, की तुझ्या नवऱ्याला मी आकडे सांगून मारलं? ते पिसाटल्यासारखा हॉर्न वाजवू लागले. पुढच्या बसच्या कंडक्टरनं मागं वळून हात जोडले.

तेवढ्यात गाडीतल्या स्पीकरवर फोन खणखणला आणि घाईत त्यांचं बोट नको त्या बटणावर पडलं.

"साहेब, सोमवारी हजर होताय ना?" तिकडच्या ऑफिसमधला आवाज गाडीभर घुमला. "इथल्या टॉवरच्या सगळ्या लिफ्ट तुमच्याच नावावर टाकल्यात."

"राँग नंबर!"

"साहेब, आवाज तर तुमचाच…"

फोन बंद झाला.

"कोण होतं?"

"लिफ्ट विकणारा. हल्ली कुणालाही फोन करतात मेले."

गाडीवाल्यांनी ते ऐकलंही नसावं. "साडूभाऊ, एक विचारू? राग मानू नका. तुम्ही रविवारी सांगायचात ते आकडे… ते खरेच होते का हो? मला आपलं वाटायचं, तुम्ही थापा मारता."

"खरे! शंभर टक्के!" लिफ्टवाल्यांचा आवाज चिरकला. "आणि तुमचे?"

"माझे खरेच होते," गाडीवाले म्हणाले. "दुर्दैवानं."

दुर्दैवानं? लिफ्टवाल्यांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. क्षणभर वाटलं, सांगून टाकावं सगळं, मोकळं व्हावं. पण हसला तर? सासुरवाडीत, लग्नकार्यात, बारशात, जन्मभर हसत राहिला तर? मागचा टेम्पो कोकलला, बस हलली, आणि तो क्षण गेला.

परत येऊन गाडी फाटकाशी वळवली आणि लिफ्टवाल्यांनी करकचून ब्रेक दाबला. फाटकात ट्रक उभा होता. त्यांनी ठरवलेला. तो उद्या यायचा होता.

ड्रायव्हर खाली उडी मारून आला. लिफ्टवाले त्याला डोळ्यांनी, भुवयांनी, जमेल तितक्या सगळ्यांनी खुणा करत होते, पण तो भला माणूस. "साहेब, आत तिकडून आणलेला माल आहे. तो बाजारापलीकडं उतरवायचा होता, पण चौकात सगळं तुंबलंय. लोक मुद्दाम गाड्या घालतात की काय! म्हटलं, उद्या तुमचं घर भरून तिकडंच परत जायचंय, तर गाडी इथंच लावू."

लिफ्टवाल्यांनी डोळे मिटून घेतले. आता हसणार. आता हा हसणार आणि सगळ्या नात्यागोत्यात आपली शोभा होणार. पण हसू आलंच नाही. त्यांनी एक डोळा उघडला. साडू ट्रकच्या फळीला धरून उभे होते. आत एक कपाट होतं, आणि कपाटाला दोरीनं बांधलेली मोटार शिकवणीची पाटी होती, मोठ्या तांबड्या 'एल'ची.

"ही तर तुमची पाटी!"

"शाळा बंद पडली हो माझी," गाडीवाले रडवेले होऊन म्हणाले. "तिकडं इतकी गर्दी झालीय की शिकणारा पहिल्या गिअरवरच म्हातारा होतोय. मला वाटलं, साडूभाऊ वाढीच्या थापा मारतात, म्हणजे इकडं रस्ते ओस असणार. त्या भरवशावर घर सोडून आलो. आणि तुम्ही?"

"तुमचे आकडे खरे निघाले म्हणून तिकडं चाललोय."

दोघंही फाटकाच्या कट्ट्यावर बसले. इतक्या दिवसांची भीती उतरली, आणि तेवढ्यात दोघांना एकदमच काहीतरी आठवलं.

"धाकटीनं हिला कळवलंय?"

"नाही. मी शपथ घातलीय. उद्या येतेय ती, ताईंना चकित करायला. तुम्ही ताईंना…?"

"मीही शपथच घातलीय."

दोघांनी हळूच वर खिडकीकडे पाहिलं. खिडकीत कुणी नव्हतं. थोरली जिना उतरत होती.

"हे धाकटीचं कपाट!" तिनं कपाटावरून हात फिरवला, आणि तिचा चेहरा असा उजळला की दोघांनाही तिच्याकडे बघवेना. "ती येतेय? इकडं राहायला? कायमची?" मग तिचं लक्ष वरच्या रिकाम्या खिडक्यांकडे गेलं. "आणि आपण उद्या…"

दोघं आपापल्या चपलांकडे बघू लागले. ड्रायव्हरसुद्धा चाकाकडे बघू लागला.

"किती वर्षं वाट बघितली आम्ही," ती कपाटाला टेकून म्हणाली. "कोणतंही शहर चाललं असतं. लहान, मोठं, कसलंही. आणि तुम्ही दोघं आपापली अब्रू झाकायला…" तिनं मनगटानं डोळे पुसले. पुसून झाल्यावर तिचा जो आवाज निघाला, तो ऐकून लिफ्टवाले कट्ट्यावरून उठून उभेच राहिले. "ड्रायव्हरदादा, सगळं उतरवा. तिसरा मजला. भाऊजी, उचला ते टोक. पहाटे रस्ते रिकामे असतात इथले, पहाटे शिकवा लोकांना. मी आमची खोकी सोडते. मी कुठंही जाणार नाही."

"अगं, पण माझी नोकरी? सोमवारी…"

"तुम्ही जा की. तुम्हाला कोण अडवतंय?"

"एकटा?"

"धाकटीचं घर रिकामं पडलंय. किल्ली घ्या भाऊजींकडून."

दुसऱ्या दिवशी ट्रक निघाला तेव्हा त्यात एक गादी, एक सूटकेस आणि एक कपबशी होती. लिफ्टवाले ड्रायव्हरशेजारी बसले होते. वर खिडकीत दोघी बहिणी उभ्या होत्या. धाकटी पहाटेच येऊन पोचली होती, आणि तेव्हापासून दोघींचं तोंड मिटलं नव्हतं. त्यांनी हात हलवला, पण तो बोलता बोलता हलवला. मागं गाडीवाले बनियनवर खोकी सोडत होते.

चौकात ट्रक अडकला. ड्रायव्हरनं इंजीन बंद केलं. "साहेब," तो म्हणाला, "तुमच्या इथली वस्ती खरंच एवढी वाढलीय का हो?"

"शहराचं सोडा. आमच्या घराची एका रात्रीत पन्नास टक्क्यांनी वाढली," लिफ्टवाले म्हणाले. "आणि त्यात मी धरलेला नाही."