उतार तलाठ्याकडे

मला राग येतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना 'अहो, त्यात एवढं चिडायचं काय' असं कुणी म्हणायला नको. ज्याला चिडायचं नसेल त्याने घर बांधू नये. मी बांधलं. मुळशी तालुक्यातल्या माण गावात, दोन हजार पाच साली. एक हॉल, एक खोली आणि स्वयंपाकघर.

मी उरवड्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. बायको शारदा कॉम्प्युटर कंपन्यांतल्या पोरांचे डबे करते, रोजचे चाळीस. म्हणजे पहाटे पाच ते अकरा ती ओट्यापाशी उभी. हैबतरावांच्या भाड्याच्या खोलीत राहायचो आम्ही, तिथे चकचकीत टाइल होती. तिच्यावर उभं राहून राहून शारदाच्या टाचा इतक्या दुखायला लागल्या की सकाळी पलंगावरून उतरताना ती भिंत धरायची. डॉक्टरांनी व्यायाम दिला होता. चवडे उंचावर, टाचा खाली, असं रोज अर्धा तास उभं राहायचं. "अर्धा तास नुसती उभी राहिले तर पोळ्या काय डॉक्टर लाटणारेत?" असं म्हणून तिने तो कागद मसाल्याच्या डब्याखाली घातला.

म्हणून घराचं ठरलं तेव्हा तिने एकच मागितलं.

"बाकी घर तुमच्या मनासारखं करा. स्वयंपाकघरातली फरशी तेवढी माझ्या पायांना विचारून बसवा."

मी म्हटलं, फरशीचं मी बघतो. (हे वाक्य बोललो नसतो तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्ही आपापल्या कामाला लागला असता.)

भूगावच्या रस्त्यावर फरश्यांचं एक दुकान होतं. दुकानदाराने मला चार तास चकचकीत टाइल दाखवल्या. "सर, इटालियन लुक आहे," तो म्हणत होता. मी म्हटलं, लुक कुणाला पाहिजे, त्यावर बाईला सहा तास उभं राहायचंय. "मग सर, वहिनींना स्टूल घेऊन द्या," तो म्हणाला. त्यावर मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. शेवटी चार नमुन्याचे तुकडे स्कूटरवर दोन पायांमध्ये धरून माणपर्यंत आणले. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला ते माझ्या नडगीवर आपटत होते.

शारदाने ते ओट्यासमोर ओळीने मांडले. प्रत्येकावर उभी राहून दहा दहा पोळ्या लाटल्या. मग प्रत्येकावर चमचाभर तेल, चिमूटभर हळद, थोडं पीठ आणि पाणी. चकचकीत टाइलवर तिने मला चालून दाखवायला सांगितलं. मी चाललो. (पुढचे तीन दिवस कारखान्यात मी एका अंगावर बसत होतो.) ती टाइल बाद झाली. शहाबादी पायाला चांगली होती, पण हळद सुटेना. कडप्प्यावर पिठाचा कण न् कण दिसत होता. राहिली कोटा, ती पण अर्धीच पॉलिश केलेली. पाय सरकत नाही, डाग फडक्याने निघतो, उन्हाळ्यात गार.

"हीच," शारदा म्हणाली. "आणि पाणी मोरीकडे जाईल एवढा उतार. इंचभर. सांगाल ना गवंड्याला?"

"सांगतो," मी म्हटलं.

सांगायचं राहिलं. कारण त्या दिवसांत माझा सगळा राग हैबतरावांवर खर्च होत होता. जागा त्यांच्याकडूनच घेतलेली. विजेच्या मीटरसाठी सातबाराचा उतारा लागत होता आणि जमीन अजून त्यांच्याच नावावर होती. उतारा काढायचा तलाठ्याकडे. तलाठी भाऊसाहेब राहायचे कुठे, तर आमच्या नव्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे. हैबतरावांनी फक्त रस्ता ओलांडायचा होता. तीन महिने झाले, तो रस्ता त्यांना ओलांडता आला नव्हता. "काडतो की, पळून चाललाय का उतारा," एवढंच.

आता घर कसं आहे ते लक्षात घ्या. रस्त्याच्या बाजूला हॉल, हॉलच्या मागे स्वयंपाकघर, स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला ओटा आणि भिंतीपलीकडे मोरी. म्हणजे मोरी मागे आणि तलाठी पुढे.

मंगळवारी दुपारी मी कारखान्यात होतो. शेजारी प्रेस मशीन धडधडत होतं. मोबाईल वाजला. नाव हैबतरावांचं. मी चिडूनच उचलला.

"सायेब, उतार कुटं काडायचा?"

मशीनच्या आवाजात मला ऐकू आलं 'उतारा'. तीन महिन्यांनी हा माणूस मलाच विचारतोय.

"तलाठ्याकडे," मी ओरडलो. "दुसरीकडे कुठे निघतो का?"

"तलाठ्याकडं?"

"हो, तलाठ्याकडे."

"किती काडू?"

"तीन."

"तीन लई व्हतंय, सायेब. एक बास हाय."

"मला शिकवू नका. तीन म्हणजे तीन. आणि आजच्या आज काढून ठेवा."

"बरं," आवाज म्हणाला. "घर तुमचं हाय."

मी फोन ठेवला. माणसाला एकदा नीट झापलं की कामं होतात, असं मी शेजारच्या क्लार्कला ऐकवलंसुद्धा.

पुढे दहा-बारा दिवस नव्या फरशीवर ओली पोती होती. मी रोज दारातून डोकावून 'छान' म्हणायचो आणि हैबतरावांना उतारा मागायला जायचो. ते म्हणायचे, "काडतो की." एवढा झापून परत 'काडतो की'. मी इतका संतापलो की त्या फोनचं नावसुद्धा काढलं नाही.

वास्तुशांत झाली. नव्या चुलीवर दूध उतू घालायची वेळ आली. हॉलमध्ये मानाच्या खुर्चीवर तलाठी भाऊसाहेब, शेजारी हैबतराव, दारापाशी आमचा गवंडी कोंडीराम, कोळवणचा. त्याला मी टोपी-उपरणं द्यायचं ठरवलं होतं. शारदाने मोठ्या पातेल्यात दूध ठेवलं. ते वर आलं, उतू गेलं, ओट्यावरून खाली आलं. बायका आनंदाने हसल्या.

मग दूध निघालं. मोरीकडे नाही. ओट्याकडे पाठ करून, नव्याकोऱ्या कोटा फरशीवरून सरळ रेषेत स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडलं, हॉलमध्ये आलं आणि तलाठी भाऊसाहेबांच्या पायाशी जाऊन थांबलं. त्यामागून ओट्याखालचा एक कांदा गडगडत आला. भाऊसाहेबांनी पाय वर घेतले.

"कोंडीराम," मी म्हटलं. आवाज इतका चढला की समोरच्या घरातलं कुत्रं उठलं. "हा उतार इकडे कोणी काढायला सांगितला?"

"तुमीच."

"मी?"

"फोनवर. इचारलं मी, उतार कुटं काडू. तुमी म्हनला, तलाठ्याकडं. तीन काडा म्हनला. मी म्हनलं, एक बास हाय. तर मलाच झापलं."

"फोन हैबतरावांचा होता."

"माझ्या फोनमदी बॅलन्स नव्हता," कोंडीराम म्हणाला. "त्यांचा घेतला."

"व्हय, घेतला व्हता त्यानं," हैबतराव म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला.

"अरे, पण स्वयंपाकघराचं पाणी हॉलमध्ये कोण आणतं? तुला कळत नाही?"

"कळतंय की. पर शहरातली मानसं वास्तूवाल्याला इचारून काय बी करत्यात. मागं एकानं संडासाचं दार खिडकीतनं काडलं. मला वाटलं, तलाठ्याची बाजू तुमाला लाभत आसंल."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. भाऊसाहेब होते. तेवढ्यात शारदा दारात आली, हातात दुधाचं फडकं.

"एकच गोष्ट मागितली होती," ती म्हणाली.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी पण ओरडलो असतो आणि बरोबरी झाली असती. मला लाज वाटली. आणि लाज वाटली की माझा आवाज आणखी चढतो, म्हणून मी चढलेल्या आवाजात जाहीर केलं, की रविवारी ही सगळी फरशी फोडून नवी बसवायची. कोंडीरामने मान डोलावली. टोपी-उपरणं मी कपाटात परत ठेवलं.

डबे बंद ठेवून चालणार नव्हतं. तेव्हा रविवारपर्यंतचे आठ दिवस शारदा त्याच फरशीवर उभी राहिली. भाजी धुतली की पाणी हॉलमध्ये. भांडं सांडलं की हॉलमध्ये. माझी खुर्ची नेमकी खालच्या टोकाला, त्यामुळे सगळं माझ्याकडे. मी आठ दिवस पुसत होतो आणि आठ दिवस कोंडीरामला, हैबतरावांना, मोबाईलचा शोध लावणाऱ्याला आणि प्रेस मशीनला शिव्या देत होतो.

रविवारी कोंडीराम छन्नी-हातोडा घेऊन हजर. मी म्हटलं, दारापासून सुरुवात कर.

"थांबा," शारदा म्हणाली. ती ओट्यासमोर उभी होती. तिथूनच म्हणाली, "फरशीला हात लावायचा नाही."

"का?"

"आज सकाळी पलंगावरून उतरले, भिंत नाही धरली."

मला काही कळेना. तिने मसाल्याच्या डब्याखालून डॉक्टरांचा कागद काढला आणि माझ्या हातात दिला. मग आपल्या पायांकडे बोट दाखवलं. ओट्याच्या बाजूला फरशी उंच, म्हणून चवडे उंचावर. मागे उतार, म्हणून टाचा खाली. सहा तास. आणि वर दोनशे पोळ्याही लाटून झालेल्या.

"असा उतार कुणी काढून दिला नसता," ती कोंडीरामला म्हणाली. "तुम्ही काढला म्हणून."

कोंडीराम लाजला. कपाटातलं टोपी-उपरणं शारदाने त्याला स्वतःच्या हातांनी दिलं. मी मध्ये म्हणालो, की उतार काढायला सांगितला होता मी, तीन म्हणालो होतो मी. कोणी लक्ष दिलं नाही. कोंडीरामने जाताना मला फक्त एवढंच विचारलं, की आता दुसऱ्या टाचदुखीवाल्यांनी बोलावलं तर त्यांनाही तलाठ्याकडंच उतार द्यायचा का.

उतारा अजून निघायचा आहे. मीटरही नाही. पण घरात तलाठी आहे. हे नाव डबे न्यायला येणाऱ्या पोरांनी ठेवलं. स्वयंपाकघरातलं जे जे सुटतं ते ज्याच्याकडे येतं, तो तलाठी. आता शारदासुद्धा तेच म्हणते. मी खुर्चीत बसून या सगळ्यावर मनातल्या मनात धुमसत असतो आणि आतून तिचा आवाज येतो,

"तलाठी, फरशी धुतेय. पाय वर घ्या."

मी घेतो. रागानेच घेतो, पण घेतो.