कोळिष्टकाबाबत कारणे दाखवा

सहकारी गृहरचना संस्थेची इमारत खांबांवर उभी असते, हा गैरसमज आहे. ती एका निवृत्त माणसाच्या नजरेवर उभी असते. कर्वेनगरातल्या 'सुप्रभा' संस्थेला ही नजर अध्यक्ष गोपाळकृष्ण दातार यांच्या रूपाने लाभली होती. दातारांनी छत्तीस वर्षे शाळा तपासल्या आणि निवृत्तीनंतर, तपासायला शाळा उरल्या नाहीत म्हणून, अठ्ठेचाळीस सदनिका तपासायला घेतल्या. कोणाची चप्पल दाराबाहेर किती वीत आली आहे, हे त्यांना वरच्या जिन्यातून दिसे. (चपलेच्या मालकाला ते पत्राने कळे.)

दातारांना अकरा वर्षे मधुमेह होता आणि तोही त्यांनी शिस्तीत ठेवला होता. म्हणजे त्याची फाइल होती. तीत रक्ताचे, लघवीचे, पायांचे अहवाल तारीखवार लावलेले होते. डोळ्यांच्या जागी मात्र फक्त चष्म्याच्या नंबराची चिठ्ठी होती. डोळ्याचा पडदा तपासायचा तर थेंब घालतात आणि चारेक तास नीट दिसत नाही, असे त्यांनी ऐकले होते. संस्थेवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारा हा माणूस थेंब घालून घ्यायला काही तयार होईना. त्यांच्या नोंदींनुसार चार तासांत संस्थेत सरासरी साडेसहा नियमभंग होत. (अर्धा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या ओवीची सायकल. ती वाटेत अर्धीच यायची.)

"अहो, चार तास इमारत तुमच्यावाचून उभी राहील," त्यांच्या पत्नी पद्मजाबाई म्हणत.

"आणि कोसळली तर जबाबदार कोण?"

"बिल्डर."

"मला मुंगीसुद्धा दिसते."

"तुम्हाला मुंगी दिसते हो. डॉक्टरांना तुमचा पडदा बघायचाय."

हा विषय दरवर्षी पुढच्या वर्षापर्यंत तहकूब होई.

गेल्या मार्चमध्ये दातारांना जिन्यात कोळिष्टक दिसले. काळे, लांब, उजवीकडे लोंबणारे. त्यांनी रखवालदार कोंडीराम यांना बोलावले. पंचावन्न वर्षांचे कोंडीराम केरसुणी घेऊन आले आणि हवा झाडून गेले. दुसऱ्या दिवशी कोळिष्टक लिफ्टमध्ये होते. मग पार्किंगमध्ये. चौथ्या दिवशी गच्चीवर, जिथे छतच नाही. एवढ्या अवधीत एवढे बांधकाम, तेही विनापरवाना, कर्वेनगरात यापूर्वी कोणालाच जमले नव्हते. दातारांनी शांतपणे विचार केला आणि कोळ्याला निर्दोष ठरवले. दोष झाडणाऱ्याचा. कोंडीरामना नोटीस गेली: कोळिष्टक न काढल्याबद्दल आपणांस कामावरून का काढू नये, याची कारणे सात दिवसांत लेखी द्यावीत.

सहाव्या दिवशी कोंडीराम कोरा कागद घेऊन दारात उभे राहिले.

"साहेब, लिवायचं काय? मला जाळं दिसतच न्हाई."

"दिसत नाही? हे काय, तुमच्या डोक्यावर!"

कोंडीरामनी टोपी काढून, उलटी करून पाहिली. मग म्हणाले, "साहेब, आता जरा त्या मीटरच्या पेटीकडं बघा."

दातारांनी पाहिले. "तिथेही आहे. माझ्याआधी पोचलंय."

"मग ते तुमच्या नजरेसंगं फिरतंय, साहेब. माझ्या आईला असंच दिसायचं. तिलाबी साखर व्हती."

"मग? गेलं का नंतर?"

"गेलं की. मग तिला काहीच दिसंना."

दातारांनी डावा डोळा तळहाताने झाकला. कोंडीरामचा चेहरा धुरामागे गेला. उजवा झाकला, चेहरा परत आला. इतकी साधी तपासणी त्यांनी आजवर कधी केली नव्हती. तपासणी म्हटले की ती दुसऱ्याची, एवढेच त्यांना ठाऊक. ते उंबऱ्यावरच बसले.

पद्मजाबाईंनी रिक्षा बोलावली. (त्यांना तयारीला वेळ लागला नाही. त्या अकरा वर्षे तयारच होत्या.)

थेंब घालून झाल्यावर डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या, "काका, जाळं खरं आहे. पण ते आत आहे. पडद्यातून डोळ्यात रक्त उतरलंय. चष्म्याचा नंबर बरोबर आहे म्हणून पडदा चांगला, असं नसतं. आणि हे दुखत नाही, म्हणून तर दरवर्षी बघायचं. आधी आला असतात तर..."

अर्धवट वाक्याखाली आयुष्यभर लाल रेघ ओढलेल्या दातारांनी हे वाक्य तसेच जाऊ दिले.

लेसर झाले, इंजेक्शने झाली. डावा डोळा वाचला. उजव्यातून जग आता पुसलेल्या रांगोळीसारखे दिसते. थेंब घातले त्या पहिल्या दिवशी ते कोंडीरामचा हात धरून जिना चढले होते, आणि नजर निवळताच त्यांनी फलकावर लावले: 'सदर कोळिष्टक संस्थेच्या सामाईक जागेत नसून अध्यक्षांच्या खासगी मालमत्तेत आढळल्याने नोटीस रद्द. अध्यक्ष कोंडीराम यांची क्षमा मागत आहेत.' शेवटच्या वाक्याची ओळ तिरकी गेली होती. तीही त्यांनी तशीच राहू दिली.

मग विशेष सभा झाली. मधुमेह असल्याचे एकोणतीस जणांनी मान्य केले. (आणखी सात जण 'बॉर्डरवर' होते, त्यातले दोन चौदा वर्षांपासून.) दरवर्षी पडदा तपासून घेण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. ज्यांची तपासणी तातडीची आहे, अशांची नावे चिठ्ठीवर मागवली. एकोणतीस चिठ्ठ्या आल्या. एकीवरही लिहिणाऱ्याचे स्वतःचे नाव नव्हते.

आपल्यालाही हे वाचताना कोणाची तरी आठवण झाली असेल. हे त्यांना वाचायला पाठवावे, असेही वाटले असेल. जरूर पाठवा. फक्त त्याआधी एकदा आठवून पाहा, हे आपल्याला कोणी पाठवले होते.