गार्डसाहेबांची शेवटची शिट्टी

"टोपलीत भरून न्यायला ती काय वांगी आहेत?" गार्डसाहेब गरजले. "माझी पिल्लं एका शिट्टीवर रांगेने खुराड्यात जातील. तू नुसती बघ!"

"बघते की," म्हणत बायको रिकामी टोपली घेऊन पायरीवर बसली.

उभी हयात मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढलेला हा माणूस. निवृत्त झाल्यावर त्याच्या शिट्टीला काळं कुत्रंही विचारेना. मग ही कोंबडीची पिल्लं आली. न्हाणीघरातल्या खोक्यात, दिव्याच्या उबेला वाढली. साहेब आधी शिट्टी फुंकायचे, मग दाणे टाकायचे. पुढे पुढे शिट्टी ओठांना लागायच्या आत पिल्लं पायांवर चढू लागली! साहेबांची छाती अशी फुगायची, की बायकोला रोज सदऱ्याची बटणं नव्याने लावावी लागत.

आता पिल्लांना पिसं फुटली होती. परसात साहेबांनी स्वतः ठोकलेलं खुराडं उभं होतं, दार मिटलं की बाहेरून आपोआप पडणाऱ्या कडीसकट. "मुंगूसच काय, मुंगसाचा विचारही आत शिरणार नाही!"

पिल्लं शिट्टीमागून परसात आली. पण खुराड्याचं अंधारं दार बघून तिथेच थबकली.

"टोपली देऊ?"

"मुळीच नको! पुढे मी, मागे गाडी!" साहेब रांगत आत घुसले. पोट दारातून आत जावं म्हणून श्वास सोडावा लागला. आतून त्यांनी फुर्रर्र केलं, तशी पिल्लं लोंढ्यासारखी आत! शेवटच्याच्या धक्क्याने दार मिटलं. खट्!

कडी पडली. बायको तोवर निर्धास्त मनाने न्हाणीघर धुवायला गेली होती. साहेबांनी मदतीसाठी शिट्टी फुंकली. पिल्लांना वाटलं, जेवण! दाणे होते बाहेर. म्हणून त्यांनी साहेबांच्या मिशा टिपायला घेतल्या. मिशा टिपल्या की साहेब आणखी जोरात फुंकत, आणि फुंकलं की पिल्लं त्यांचे कान चोचीत धरत!

"वहिनी, साहेब फार शिट्ट्या मारतायत हो!" कुंपणापलीकडून शिवणवाली शेजारीण ओरडली.

"मारू देत! पिल्लांचे लाड चाललेत!"

शेवटी साहेबांनी कळवळून पाठ ताठ केली. तळाची फळी निखळली आणि दोन पायांचं खुराडं शिट्टी फुंकत परसभर धावत सुटलं! शेजारणीने किंकाळी फोडली, खुराडं भिंतीवर आपटलं आणि पिल्लं झुडपांत पांगली. साहेब फुंकत राहिले, पिल्लं आणखी लांब पळत राहिली. बायकोने दाण्यांची ताटली वाजवून एकेक गोळा केलं.

खुराडं दुरुस्त झालं. पिल्लं त्यात सुखाने राहू लागली. पण शिट्टी ऐकली, की कोपऱ्यात शिरून थरथरत. साहेबांनी ती काढून कपाटात ठेवली.

"माझंच चुकलं गं," ते खुराड्यापाशी बसून पुटपुटले. "घाई केली. आता मला विसरली असतील."

"ही ताटली वाजवून बघा."

साहेबांनी हळूच ताटली वाजवली. पिल्लं धावत पायांशी आली. मान वर करून साहेबांकडे बघितलं, आणि धूम ठोकली!

"बघितलंस?" साहेबांनी ताटली खाली ठेवली.

"अहो, वाईट काय वाटून घेता?" बायको म्हणाली. "विसरली नाहीत. ओळखलं, म्हणूनच पळाली!"