जज्जसाहेबांचं नाणं

घड्याळजींच्या हातून उभ्या आयुष्यात एकही वस्तू हरवली नव्हती. हे घड्याळं दुरुस्तीला टाकणाऱ्या गिऱ्हाइकांना माहीत होतं, शेजाऱ्यांना माहीत होतं, आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांना घड्याळजी स्वतः सांगत. एवढं सोडलं तर माणूस अत्यंत भित्रा. दाराची घंटा वाजली की आधी दचकायचे, मग उठायचे.

छंदही त्यांनी असा धरला होता की ज्यात कुणाशी वाकडं येऊ नये. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ज्यू राजांची काशाची नाणी! शर्टाच्या बटणाएवढी, वेडीवाकडी, मातकट. घड्याळजींकडे एकोणचाळीस होती, त्यातली निम्मी यानाय नावाच्या राजाची. एका अंगाला जहाजाचा नांगर, दुसऱ्या अंगाला तारा. बायकोच्या मते ती रस्त्यावरची खडी होती.

शहरात या नादाचे आणखी पाच जण होते आणि त्यांचे म्होरके होते निवृत्त जज्जसाहेब. बत्तीस वर्षं शिक्षा ठोठावून त्यांचा आवाज असा झाला होता, की त्यांनी नुसती वेळ विचारली तरी गुन्हा कबूल करावासा वाटे. त्यांनी एक दिवस मातीने लडबडलेलं नाणं घड्याळजींच्या तळहातावर ठेवलं. त्या ज्यू राजांतला शेवटचा अँटिगोनस, त्याच्या एका नाण्यावर सात फांद्यांचा दिवा असतो. तसलं नाणं हयातीत एकदा हाताला लागलं तरी नशीब. हे तेच असावं असा साहेबांना संशय होता. तुमची नजर बारीक, आठवडाभर भिंगाखाली बघा आणि सांगा, असं म्हणून त्यांनी बजावलं, "फक्त बघायचं. साफ करायचं नाही. तेलात तर मुळीच टाकायचं नाही."

आता ऑलिव्हच्या तेलात नाणं भिजत घातलं की माती सुटते आणि वरची जुनी झिलई बिघडते, हे या मंडळींतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. आणि प्रत्येकजण ते गुपचूप करतोच. घड्याळजींनी दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी एका लहान वाटीत तेल घेतलं, नाणं आत सोडलं आणि वाटी स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर सरकवली. बायकोला सांगितलं नाही. सांगितलं की साक्षीदार तयार होतो.

रविवारी दुपारी घंटा वाजली. दारात जज्जसाहेब! मुदतीला दोन दिवस बाकी असताना! इकडून चाललो होतो, म्हटलं नाणं बघून जावं, असं ते म्हणाले. घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोने मात्र जेवूनच जायचा आग्रह धरला आणि साहेब बसलेदेखील. तेवढ्यात पुसून आणू, असा हिशेब करून घड्याळजी हात धुण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. वाटी ओट्यावर होती. धुतलेली, पालथी.

सॅलडला तेल कमी पडलं म्हणून ते वाटीतलं घातलं, असं बायकोने जाता जाता सांगितलं. जरा गढूळ होतं खरं, पण टाकून कसं द्यायचं?

घड्याळजी घाईघाईने टेबलाशी आले. जज्जसाहेब सॅलड खात होते. एकाएकी ते चावायचे थांबले, भुवई वर गेली, आणि त्यांनी गिळलं.

"काही कडक लागलं का, साहेब?"

"बी असेल. मी थुंकत नाही."

नाणं साहेबांच्या पोटात गेलं की अजून सॅलडच्या भांड्यातच आहे, हे घड्याळजींना कळेना. ते ना कबूल करू शकत होते, ना साहेबांच्या देखत भांड्यात बोटं घालून शोधू शकत होते. पण साहेबांचा हात पुन्हा त्या भांड्याकडे वळला, तसं त्यांनी भांडंच पुढ्यात ओढलं आणि सगळं सॅलड, श्वास न घेता, न चावता, संपवलं. बायको बघतच राहिली. या माणसाने लग्नापासून काकडीला हात लावला नव्हता.

पण मग साहेबांनी पोट जरा चोळलं, आणि घड्याळजींचं धाबं दणाणलं. सत्तरीचा माणूस, पोटात धातू! मैत्री जाईल, अब्रू जाईल, पण गप्प बसलो आणि काही झालं तर? ते उठून उभे राहिले, हात आपोआप जोडले गेले, आणि त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगून टाकलं. तेलासकट.

जज्जसाहेबांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "रिक्षा बोलवा."

दवाखान्यातल्या एक्स-रेवाल्याने साहेबांचा फोटो काढला. पोट साफ, कोरं. बी होतं ते बीच होतं. घड्याळजींना रडू आलं. एक्स-रेवाल्याने सहज विचारलं, की सॅलड आणखी कुणी खाल्लं होतं का. बायकोने नुसतं नवऱ्याकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या फोटोत ते दिसलं. बटणाएवढं, जरासं वेडंवाकडं, बरगड्यांच्या खाली. काळजीचं कारण नाही, दोनतीन दिवसांत बाहेर येईल, असं डॉक्टर म्हणाले. काळजी कशाची करायची हे डॉक्टरांना कुठे माहीत होतं! संध्याकाळी जज्जसाहेब बॅग घेऊन मुक्कामाला आले. तीन दिवस ते न्हाणीघरासमोर खुर्ची टाकून बसले. घड्याळजी आत गेले की बाहेरून खाकरत. इतक्या दहशतीत माणसाचं व्हायचं तेही होत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

चौथ्या दिवशी सकाळी सुटका झाली. घड्याळजींनी नाणं धुऊन, पुसून पुढे केलं आणि डोळे मिटून घेतले. साहेबांनी भिंग लावलं. मातीचा कण उरला नव्हता. दिव्याच्या फांद्या मोजून सात! साहेबांनी त्या दोनदा मोजल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. तेलाने सहा महिन्यांत झालं नसतं, असं ते पुटपुटले.

"म्हणजे माफ केलंत, साहेब?"

 साहेबांनी खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली. आत मातीने माखलेली आणखी चार नाणी होती.

"घाई नाही," ते म्हणाले. "एकेक करून घ्या."

आणि बायको पाण्याचा पेला घेऊन आली.