मानाची मेंढी

एर्मेकने वेबसाइटवरून आपोआप जाणाऱ्या उत्तरात लिहिले होते, 'आपली चौकशी मिळाली. दोन दिवसांत कळवू.' ते त्याने वाचून दाखवताच त्याची आई बुरुलकान उखडली.

"दारात आलेल्या माणसाला दोन दिवसांनी ये म्हणतोस? लाज कशी वाटत नाही रे?"

"आई, दारात कुणी आलेलं नाही. लोकांनी फॉर्म भरलाय."

"मग फॉर्मवाल्यांना सांग, या म्हणून. तुमच्या मानाखातर मेंढी कापू, असं लिही."

एर्मेकने हात टेकले आणि तसे लिहिले. सोन-कुल तलावाकाठी पर्यटकांसाठी त्याने लोकरी तंबू उभारले होते, पण फोनची रेंज मिळायला घोड्यावरून खिंडीपर्यंत जावे लागे. उत्तर बदलून आल्यावर आठवड्याने तो पुन्हा तिथे पोचला, तेव्हा हॉलंडच्या हन्नेके नावाच्या बाईंचे चार फॉर्म येऊन पडले होते.

पहिल्यात त्यांनी बारा जणांसाठी जागा मागितली होती, सगळे शाकाहारी. उत्तर गेले होते : या, मेंढी कापू. दुसऱ्यात त्यांनी नम्रपणे कळवले होते, की कृपया कापू नका. उत्तर : या, मेंढी कापू. तिसऱ्यात काकुळतीची विनवणी होती. चौथ्यात एवढेच होते, 'तुम्ही माणसं आहात की कोण?' त्यालाही तेच उत्तर, तितक्याच अगत्याने.

यंदाच्या हंगामातला मोठा गट हा एकच. तो हातचा गेला असता तर हिवाळा काढणे कठीण होते. एर्मेकने तिथूनच फोन लावला.

"बाई, एकही मेंढी कापलेली नाही! शपथ घेऊन सांगतो. ते उत्तर यंत्र पाठवतं हो!"

पलीकडून हुंदका ऐकू आला.

"म्हणजे... चार उत्तरांतल्या त्या मेंढ्या, चौघीही जिवंत आहेत?"

"चौघीही!" एर्मेक घाईघाईने म्हणाला.

"मग आम्ही येतोच! सगळ्यांना त्यांना भेटायचंय. आम्ही नावंसुद्धा निवडलीत त्यांची."

फोन बंद झाल्यावर एर्मेक घोड्याच्या मानेवर डोके टेकून उभा राहिला. त्याच्याकडे घोडे होते, गाई होत्या. मेंढी मात्र एकही नव्हती.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी त्याने शेजारच्या कुरणातून चार मेंढ्या विकत आणल्या. त्यांना पाहताच बुरुलकान सुरी घेऊन बाहेर आली.

"आई, ठेव ती आत! या कापायच्या नाहीत."

"मग आणल्यास कशाला?"

"पाहुण्यांना भेटवायला."

"आणि पाहुणे जेवणार काय?"

"पालेभाजी."

बुरुलकानने चारही मेंढ्यांकडे नीट न्याहाळून पाहिले आणि सुरी पाठीमागे घेतली.

"बरं. म्हणजे पाला याही खाणार आणि तेही खाणार. उद्या त्यातले पाहुणे कोणते, तेवढं मला आधीच सांगून ठेव."