नऊ वाजता लावा

साहेबांच्या सासऱ्यांना ऑक्सिजनचं मशीन लागलं, त्याच महिन्यात गल्लीत विजेवर चालणारी आठवी गाडी आली. साहेब म्हणजे वीज कार्यालयातले अभियंते. घरी चार्जर बसवायची मंजुरी त्यांच्याच सहीने मिळायची. छापील फॉर्मवर एक रकाना होता : या भाराने ट्रान्सफॉर्मरवर ताण येईल काय? साहेबांनी आठही वेळा प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहिलं. एका गाडीने ताण येतच नव्हता. आठ गाड्यांचं काय, असा रकाना फॉर्मवर नव्हता, आणि नसलेला रकाना भरायची खात्यात पद्धत नव्हती.

मग रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला लोक कामावरून येत, गाड्या चार्जिंगला लावत आणि कोपऱ्यावरचा फ्यूज उडे. सासऱ्यांचं मशीन बंद पडे. साहेबांची बायको सिलिंडर जोडायची. तो जेमतेम दोन तास पुरायचा. वायरमन येईपर्यंत ती वडिलांच्या वरखाली होणाऱ्या छातीकडे बघत बसायची, नवऱ्याशी अक्षर बोलायची नाही. साहेबांना ते फार लागायचं.

शेवटी साहेबांनी कंबर कसली. घरोघर जाऊन सांगितलं, नऊपर्यंत थांबा, तोवर सगळ्यांचे स्वयंपाक आटपतात, भार उतरतो. गाडीतच वेळ लावायची सोय असते, नऊची लावून मोकळे व्हा. सात घरांनी माना डोलावल्या. समोरचा दाताचा डॉक्टर तेवढा हटून बसला. पेशंट वेळ घेऊन येतात तेवढं पुरे, गाडीला वेळ देणार नाही, म्हणाला. साहेबांनी त्याला कार्यालयाच्या शिक्क्याची नोटीस धाडली.

“सगळ्यांना नऊच सांगितलंत?” बायकोने विचारलं.

“मग? एकाला नऊ, दुसऱ्याला दहा सांगितलं असतं, तर भांडणं लागली असती.”

त्या दिवशी सात वाजले, दिवे चालू. आठ वाजले, तरी चालू. साहेब बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. पूर्वी लोक निदान मागेपुढे तरी यायचे. आता नऊच्या ठोक्याला सातही गाड्या एकदम सुरू झाल्या. फ्यूज मात्र उडाला नाही. साहेबांच्या घरात आजारी माणूस आहे, रोजरोज त्रास नको, म्हणून वायरमनने परस्पर फ्यूजच्या जागी चांगली जाड तार घातली होती. त्यामुळे थेट ट्रान्सफॉर्मरच जळाला.

साहेबांनी कार्यालयात फोन लावला. उद्या दुपारपर्यंत बदलून देतो, असं उत्तर आलं. हे उत्तर साहेबांनी स्वतः इतक्या लोकांना दिलं होतं, की त्याचा अर्थ परवा असा होतो हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. अ‍ॅम्ब्युलन्स तीन तासांनी येणार होती. सिलिंडरचा काटा खाली यायला लागला, तसे साहेब अ‍ॅम्ब्युलन्सला पुन्हा पुन्हा फोन लावू लागले.

तेवढ्यात दाताचा डॉक्टर वायरचं वेटोळं खांद्यावर टाकून आला. त्याच्या गाडीतून बाहेरही वीज घेता येत होती, आणि गल्लीत पूर्ण चार्ज झालेली गाडी तेवढी एकच होती. वायर खिडकीतून वर गेली, मशीन सुरू झालं.

“फक्त दर दहा मिनिटांनी आत बसून बटण दाबावं लागतं,” डॉक्टर म्हणाला, “नाहीतर गाडी आपली आपण बंद होते. मला सकाळी पेशंट आहेत. तुम्ही बसा.”

साहेब बसले. अंधारात घड्याळ बघत बटण दाबू लागले. तासाभराने बायको चहा घेऊन खाली आली.

“अण्णा विचारत होते, जावई कुठे गेले. मी म्हटलं, खाली बसून तुमची वीज चालू ठेवताहेत.”

“मग काय म्हणाले?”

“म्हणाले, इतकी वर्षं खात्यात काढली, वीज दिली ती आज पहिल्यांदा.”

साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण एवढं लांब वाक्य म्हातारा गेल्या महिनाभरात बोलला नव्हता.

“एका दमात म्हणाले?” त्यांनी विचारलं.

“एका दमात,” बायको म्हणाली, आणि शेजारच्या सीटवर येऊन बसली.